नैतिक स्वार्थवाद : स्वहिताला नीतीत जागा किती?

माणसाने कसे वागावे, या प्रश्नाची जी उत्तरे नीतिशास्त्राने दिली आहेत, त्यांपैकी बहुतेकांत दुसऱ्याच्या हिताला काहीतरी वजन असते. नैतिक स्वार्थवाद हे वजन काढून टाकतो. ज्या कृत्यातून करणाऱ्याचे स्वतःचे हित अधिकात अधिक साधते तेच योग्य, आणि ते योग्य असण्याचे कारणही तेवढेच, असे हे मत आहे. दिलेला शब्द पाळणे, खरे बोलणे, अडल्यानडल्याला मदत करणे या गोष्टी स्वार्थवादी माणूसही कर्तव्य म्हणून मानू शकतो. पण त्यांतून शेवटी त्याचे स्वतःचे भले होत असेल तोवरच.

या मताबद्दल दोन गैरसमज नेहमी आढळतात. पहिला असा, की स्वार्थवाद म्हणजे मनाला येईल तसे वागण्याची मुभा. प्रत्यक्षात हे मत बरेच कडक आहे. व्यसनात बुडालेला, कर्ज काढून उधळपट्टी करणारा किंवा रागाच्या भरात नोकरी सोडणारा माणूस स्वतःच्या मनासारखे वागत असला, तरी स्वतःच्या हिताचे वागत नसतो. म्हणून स्वार्थवादाच्या कसोटीवरही तो चुकतो. आजच्या सुखापायी उद्याचे हित गमावू नये, ही शिकवण या मतात आहेच. दुसरा गैरसमज असा, की स्वार्थवादी माणूस कोणालाच मदत करणार नाही. चोख माप देणारा दुकानदार गिऱ्हाईक टिकवतो, आणि शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणाऱ्याला स्वतःच्या अडचणीत शेजारी मिळतो. अशी मदत स्वार्थवादात सहज बसते. परतफेडीची काहीच आशा नसलेली मदत मात्र त्यात बसत नाही.

स्वार्थवादाचे तीन प्रकार सांगितले जातात. ‘सगळ्यांनी माझे हित पाहावे’ हा पहिला. त्याला सिद्धान्त म्हणण्यापेक्षा हट्ट म्हणणेच योग्य. ‘मी माझे हित पाहीन, इतरांनी काय करावे याबद्दल मला काही म्हणायचे नाही’ हा दुसरा. तो एका माणसाचा निश्चय झाला, सर्वांसाठी नियम झाला नाही. ‘प्रत्येकाने आपापले हित पाहावे’ हा तिसरा. तत्त्वज्ञानात ज्याची गंभीरपणे चर्चा होते, तो हाच.

स्वार्थी असणे आणि स्वार्थी असावे

नैतिक स्वार्थवादाच्या बाजूने सर्वांत आधी पुढे केले जाणारे कारण म्हणजे ‘माणूस मुळातच स्वार्थी असतो’ हे. वरवर निःस्वार्थ दिसणाऱ्या कृत्यामागेही कीर्तीची हाव, पुण्याची आशा किंवा मनाचे समाधान दडलेले असते, असे हे म्हणणे आहे. त्याला मानसशास्त्रीय स्वार्थवाद म्हणतात. हे विधान माणूस कसा असतो याबद्दल आहे, कसा असावा याबद्दल नाही. शिवाय ते खरे धरले तर नैतिक स्वार्थवादाला आधार मिळण्याऐवजी त्याची गरजच संपते. जो स्वार्थाखेरीज दुसरे काही करूच शकत नाही, त्याला ‘स्वार्थ पाहा’ असे सांगण्यात उपदेश कसला?

तरीही हे विधान खरे आहे का, हे तपासायला हवे. सतराव्या शतकातील इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यांच्याबद्दल त्यांचे चरित्रकार जॉन ऑब्री यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. लंडनच्या रस्त्यात एका आजारी म्हाताऱ्याला हॉब्ज यांनी भीक घातली. जवळच्या धर्मोपदेशकाने विचारले, की येशूची आज्ञा नसती तर ही भीक घातली असती का? हॉब्ज यांनी होकार दिला आणि कारण सांगितले, की म्हाताऱ्याची दशा पाहून आपल्याला त्रास होत होता. भीक दिल्याने त्याला जसा आराम मिळाला तसा आपल्यालाही मिळाला.

या युक्तिवादाला बिशप जोसेफ बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनांत उत्तर दिले. इच्छा आणि ती पूर्ण झाल्यावर मिळणारे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा. म्हाताऱ्याचे दुःख कमी व्हावे असे आधी वाटत असेल, तरच ते कमी झाल्यावर बरे वाटेल. ज्याला त्याची काहीच फिकीर नाही, त्याला भीक घालून समाधान मिळायचे कारण नाही. म्हणजे समाधान हे परहिताच्या इच्छेचे फळ आहे. फळ आहे म्हणून तेच मूळ ठरत नाही. कृत्यातून आनंद मिळतो एवढ्यावरून ते स्वार्थी म्हणणे ही चूक नेमकी येथे होते.

विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांनी हा वाद प्रयोगशाळेत नेला. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे डॅनियल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एलेन नावाच्या तरुणीला विजेचे झटके बसत असल्याचे दृश्य सहभागींना दाखवले. झटके खोटे होते, पण पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हते. काहींना सांगितले, की थोडा वेळ पाहून निघून गेलात तरी चालेल. काहींना शेवटपर्यंत पाहणे भाग होते. मग विचारले, की तिच्या जागी तुम्ही बसाल का? दुसऱ्याचे दुःख पाहून होणारा स्वतःचा त्रास टाळणे एवढाच हेतू असता, तर सुटकेची वाट मोकळी असलेले बहुतेक लोक निघून गेले असते. एलेनबद्दल फारशी कणव न वाटलेले लोक बहुधा तसेच वागले. ज्यांना कणव वाटली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी मात्र वाट मोकळी असूनही तिची जागा घ्यायची तयारी दाखवली. या निष्कर्षांचा अर्थ कसा लावायचा यावर वाद झाले. पण ‘माणूस स्वार्थाखेरीज काही करूच शकत नाही’ हे विधान त्यानंतर उघड सत्य म्हणून मांडता येत नाही.

जुन्या जगातील चर्चा

स्वहित आणि नीती यांच्यातील ताण फार जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादग्रंथात ग्लाउकॉन एका लिडियन मेंढपाळाची गोष्ट सांगतो. मेंढपाळाला बोटात फिरवताच अदृश्य करणारी अंगठी सापडते. तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादी बळकावतो. ग्लाउकॉनचा प्रश्न असा, की पकडले जाण्याची भीती पूर्णपणे गेली तर न्यायाने वागायला काय कारण उरते? लोक न्यायाने वागतात ते अन्याय करण्याचे बळ नाही म्हणून, असे सामान्य मत असल्याचे तो सांगतो आणि सॉक्रेटिसला ते खोडून काढायला लावतो.

प्लेटोचे उत्तर लक्षणीय आहे. अन्याय करणाऱ्याचे मन आतून विस्कटलेले असते, वासना त्याच्यावर राज्य करतात, म्हणून न्यायी माणूसच खरा सुखी, असे तो सांगतो. म्हणजे स्वार्थवादाला विरोध करतानाही न्याय शेवटी करणाऱ्याच्याच हिताचा आहे, हे दाखवण्याची गरज त्याला वाटली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ एच. ए. प्रिचर्ड यांनी १९१२ साली एका प्रसिद्ध निबंधात या पद्धतीवरच बोट ठेवले. कर्तव्य का करावे, याचे उत्तर ‘तुझ्या फायद्याचे आहे म्हणून’ असे दिले, की कर्तव्य कर्तव्य म्हणून उरतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतात लोकायत किंवा चार्वाक मताला स्वार्थी सुखवाद मानण्याची प्रथा आहे. पण चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ हरवले आहेत. त्यांची माहिती मुख्यतः विरोधकांच्या लिखाणातून, विशेषतः चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून मिळते. प्रतिपक्षाने रंगवलेल्या चित्रावर किती विसंबायचे, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. मराठीत डॉ. आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ या ग्रंथात त्या चित्राला आव्हान दिले आहे.

बौद्ध वाङ्मयातील एक संवाद याहून अधिक नेमका आहे. कोसलचा राजा प्रसेनजित राणी मल्लिकेला विचारतो, की तिला स्वतःपेक्षा अधिक प्रिय कोणी आहे का? ती सरळ नाही म्हणते. राजाही आपल्याबद्दल तेच कबूल करतो. हा संवाद कानावर आल्यावर बुद्ध दोघांना दोष देत नाहीत. प्रत्येकाला स्वतःच सर्वांत प्रिय असते, हे ते मान्य करतात आणि त्यातून निष्कर्ष काढतात, की ज्याला स्वतःवरील प्रेम कळते त्याने दुसऱ्याला इजा करू नये. आधारविधान स्वार्थवादी वाटते, निष्कर्ष मात्र उलट निघतो. कारण ‘माझ्यासारखाच तोही’ ही पायरी मध्ये आली. नैतिक स्वार्थवाद ही पायरी चढत नाही.

हॉब्ज ते सिज्विक

आधुनिक युरोपात स्वहितावर नीतीची इमारत उभारण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न हॉब्ज यांचा. इंग्लंडमधील यादवी युद्धाचा काळ त्यांनी पाहिला आणि १६५१ साली ‘लेव्हायथन’ प्रसिद्ध केले. राज्यसत्ता नसेल तर प्रत्येकाला प्रत्येकाची भीती. शेती, व्यापार, विद्या काहीच टिकणार नाही. म्हणून प्रत्येकाने इतरांनी सोडले तर आपलाही मोकाट हक्क सोडावा, करार पाळावेत आणि ते पाळायला लावणारी सत्ता मान्य करावी, हेच प्रत्येकाच्या हिताचे, असा त्यांचा युक्तिवाद. नीतिनियम ही शांततेची किंमत झाली. याच ग्रंथात हॉब्ज एका ‘मूर्खा’ला बोलू देतात. करार मोडण्यातच फायदा असेल तेव्हा तो का पाळावा, हा त्याचा सवाल. हॉब्ज उत्तर देतात, की दगाबाजाला समाजात थारा मिळतो तो इतरांच्या चुकीमुळे, आणि अशा चुकीवर विसंबणे शहाणपणाचे नाही. बहुतेक प्रसंगी हे पटते. दगा कधीच उघड होणार नाही अशी खात्री असेल, तर मात्र ग्लाउकॉनची अंगठी पुन्हा समोर येते.

बर्नार्ड मँडेव्हिल यांनी ‘मधमाश्यांची कहाणी’ या १७१४ च्या पुस्तकात आणखी खळबळजनक दावा केला. चैन, दिमाख, हाव या खाजगी दुर्गुणांमुळेच व्यापार चालतो आणि समाज भरभराटीला येतो. सगळे सद्‌गुणी झाले तर उद्योगधंदे बसतील. १७२३ च्या आवृत्तीनंतर मिडलसेक्सच्या ज्यूरीने हे पुस्तक समाजाला उपद्रवकारक ठरवले.

अॅडम स्मिथ यांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते, पण अर्धवट. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) मध्ये त्यांनी दाखवले, की खाटीक आणि पाववाला दुसऱ्याचे पोट भरतात ते दयेपोटी नाही, स्वतःच्या धंद्यासाठी. मात्र त्याआधी १७५९ साली लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथाची सुरुवातच ते या विचाराने करतात, की माणूस कितीही स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या सुखदुःखात रस घेणारे काहीतरी त्याच्या स्वभावात आहे. बाजारात स्वहित उपयोगी पडते, हे स्मिथ यांचे निरीक्षण होते. नीतीचा पाया त्यांनी सहानुभूती आणि निःपक्षपाती प्रेक्षकाची दृष्टी यांवर ठेवला, आणि मँडेव्हिल यांच्या मतावर त्यांनी टीकाच केली.

जर्मनीत माक्स स्टिर्नर यांनी १८४४ साली देव, राष्ट्र, मानवता या सगळ्या कल्पनांना भुते म्हणून झुगारून दिले आणि ‘मी’ एवढाच मापदंड ठेवला. ते मत इतके टोकाचे, की त्याला नैतिक सिद्धान्त म्हणावे का, हाच प्रश्न पडतो.

या चर्चेला शास्त्रीय शिस्त लावली ती केंब्रिजच्या हेन्री सिज्विक यांनी. ‘द मेथड्स ऑफ एथिक्स’ (१८७४) या ग्रंथात त्यांनी स्वार्थवादाला इतर दोन पद्धतींच्या बरोबरीने तपासले: एक, सहजबुद्धीने पटणारे नियम, दुसरी, सर्वांचे अधिकात अधिक सुख. या दोहोंचा मेळ बऱ्याच अंशी बसतो, असे त्यांना दिसले. पण ‘मी माझे सुख पाहावे’ आणि ‘मी सर्वांचे सुख पाहावे’ हे दोन्ही आदेश बुद्धीला सारखेच योग्य वाटतात आणि ते परस्परविरोधी झाले तर कोणता मानायचा, हे बुद्धी सांगू शकत नाही, अशी प्रामाणिक कबुली देऊन ते थांबले.

‘गीतारहस्या’तील विचार

मराठीत या विषयाची पद्धतशीर चर्चा लोकमान्य टिळकांनी केली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ धर्मग्रंथावरचे भाष्य म्हणून ओळखला जातो. पण त्याचा मोठा भाग म्हणजे पौर्वात्य आणि पाश्चात्त्य नीतिशास्त्रांची तुलना आहे. ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात टिळक सुखवाद्यांची चढती भाजणी लावतात. तळाशी निव्वळ आपल्यापुरते पाहणारा स्वार्थ. त्यावर हॉब्ज यांचा दूरदर्शी स्वार्थ: दुसऱ्याला दुखवले तर तोही आपल्याला दुखवील, म्हणून जपून वागणारा. त्याच्या वर स्वार्थ आणि परार्थ या दोन्ही प्रवृत्ती माणसात उपजत आहेत, असे मानणारा पक्ष. आणि शेवटी पुष्कळांचे पुष्कळ सुख पाहणारा बेंथम व मिल यांचा पक्ष.

टिळकांना यांपैकी कोणताच पक्ष पुरेसा वाटत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो, की पती, पत्नी, संतती, धन हे सारे प्रिय वाटते ते आत्म्यासाठी. वरकरणी हा स्वार्थवादाचाच उच्चार दिसतो. पण जो आत्मा आपल्यात आहे तोच सर्वांत आहे, हे कळले की आपले आणि परके हा भेदच उरत नाही, असा त्याचा अर्थ टिळक लावतात. ज्याला हा अद्वैतवाद मान्य नाही, त्याला टिळकांचे उत्तर पटेलच असे नाही. पण ‘स्व’ म्हणजे नेमके किती, हे न सांगता स्वहिताची भाषा अपुरी राहते, हा त्यातला मुद्दा अद्वैताबाहेरही टिकतो.

आयन रँड आणि विसावे शतक

सामान्य वाचकापर्यंत नैतिक स्वार्थवाद पोचवला तो आयन रँड यांनी. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या रँड यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान बोल्शेविक क्रांतीनंतर जप्त झाले. १९२६ साली त्या अमेरिकेत गेल्या. ‘द फाउंटनहेड’ (१९४३) आणि ‘अॅटलस श्रग्ड’ (१९५७) या कादंबऱ्यांनी त्यांना कीर्ती दिली; भारतातही इंग्रजी वाचणाऱ्या तरुणांच्या कित्येक पिढ्यांनी त्या वाचल्या. १९६४ साली त्यांचा ‘द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस’ हा निबंधसंग्रह आला.

प्रत्येक माणसाचे आयुष्य हे स्वतःच एक साध्य आहे. ते दुसऱ्यासाठी होमात घालण्याची मागणी करणारी नीती माणसाला बळीचा बकरा बनवते, असे रँड यांचे म्हणणे. दुसऱ्याला लुबाडणेही त्यांना मान्य नव्हते. लुबाडणारा दुसऱ्याच्या कर्तृत्वावर जगतो, म्हणून तोही परावलंबीच. माणसांनी एकमेकांशी व्यापाऱ्यासारखे, मोल देऊन मोल घेत वागावे. विवेकी माणसांच्या खऱ्या हितांत विरोध येतच नाही, असा त्यांचा दावा होता.

हा शेवटचा दावा सर्वांत कमकुवत आहे. एकाच औषधाची एकच मात्रा आणि दोन रोगी असतील, तर दोघेही विवेकी असूनही हितसंबंध आदळतातच. ‘बळी’चा मुद्दाही दोन टोकांचीच निवड समोर ठेवतो: एक तर सर्वस्व दुसऱ्याला द्या, नाहीतर फक्त स्वतःचे पाहा. बहुतेक माणसे ज्या नीतीने जगतात ती या दोहोंच्या मध्ये आहे. स्वतःच्या संसाराकडे लक्ष देणे आणि बुडत्याला हात देणे ही दोन्ही कर्तव्ये त्या नीतीत शेजारी शेजारी नांदतात.

रँड यांच्या वर्तुळातील एक तरुण अर्थतज्ज्ञ, अॅलन ग्रीनस्पॅन, पुढे १९८७ ते २००६ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष होते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर ऑक्टोबर महिन्यात अमेरिकी संसदेच्या समितीसमोर त्यांनी कबूल केले, की कर्ज देणाऱ्या संस्था स्वहितासाठी तरी आपल्या भागधारकांच्या भांडवलाचे रक्षण करतील हे आपले गृहीतक चुकले. एका घटनेने सिद्धान्त खोटा ठरत नाही. पण प्रत्येकाचे स्वहित आपोआप सर्वांचे हित साधते, या विश्वासाला बसलेला तो मोठा धक्का होता.

आक्षेप आणि उत्तरे

नैतिक स्वार्थवादावरचा पहिला ठळक आक्षेप कुर्ट बायर यांनी १९५८ साली मांडला. दोन उमेदवार एकाच पदासाठी उभे आहेत. एकाचे हित दुसऱ्याचा काटा काढण्यात आहे, दुसऱ्याचे पहिल्याचा. स्वार्थवाद दोघांनाही ‘काढ’ म्हणतो आणि स्वतःला वाचवण्याचे कर्तव्यही दोघांवर टाकतो. तंटे सोडवणे हे नीतीचे काम असेल, तर हे मत ते काम करत नाही. त्यावर जेसी कॅलिन यांनी १९७० साली बुद्धिबळाचे उत्तर दिले. प्रतिस्पर्ध्याची सर्वांत चांगली चाल कोणती हे खेळाडूला कळते, पण ती त्याने खेळावी असे त्याला वाटत नाही. यात विसंगती काहीच नाही. तर्काच्या अंगाने हा बचाव बरोबर आहे. मात्र त्यातून स्वार्थवाद हे डावपेचांचे शास्त्र ठरते. सर्वांना उघडपणे सांगता येईल असा नियम ते देत नाही, कारण सच्चा स्वार्थवादी इतरांना परोपकारच शिकवील.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि जेम्स रेचल्स यांच्या लिखाणामुळे तो प्रसिद्ध झाला. माणसांचे दोन गट पाडून एकाला झुकते माप द्यायचे, तर त्या दोन गटांत तसाच काही फरक दाखवावा लागतो. वंशभेद निंद्य ठरतो तो असा फरक दाखवता येत नाही म्हणून. स्वार्थवाद जगाचे दोन भाग करतो: एकीकडे मी, दुसरीकडे बाकी सगळे. पण मलाच भूक लागते आणि इतरांना नाही, माझेच दुखणे दुखते आणि इतरांचे नाही, असे काही नसते. मग माझ्या गरजेला जे वजन आहे ते दुसऱ्याच्या तशाच गरजेला का नाही? स्वार्थवादाकडे याचे उत्तर ‘कारण मी मी आहे’ एवढेच आहे, आणि हे उत्तर प्रत्येकजण देऊ शकतो.

तिसरा आक्षेप सिज्विक यांनी सूचित केला आणि डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात वाढवला. उतारवयात सुख लागावे म्हणून आज बचत करावी, असे स्वार्थवाद सांगतो. म्हणजे काळ वेगळा असला तरी हिताचे वजन कमी होत नाही, हे त्याला मान्य आहे. मग माणूस वेगळा असला की वजन शून्य का व्हावे? ‘ते माझे नाही’ असे म्हणता येत असेल, तर ‘ते आत्ताचे नाही’ असेही म्हणता येते. स्वार्थवाद क्षणिक लहर आणि सर्वांचे हित यांच्या मधोमध उभा आहे, आणि एकीविरुद्ध तो जे हत्यार वापरतो तेच दुसऱ्या बाजूने त्याच्यावर उलटते.

स्वार्थ स्वतःचाच घात करतो तेव्हा

१९५० साली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनमध्ये (या संस्थेचा लेखिका रँड यांच्याशी काही संबंध नाही) मेरिल फ्लड आणि मेल्व्हिन ड्रेशर यांनी एक खेळ रचला. अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले. वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेल्या दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याविरुद्ध जबानी देण्यात फायदा असतो, मग दुसरा काहीही करो. दोघेही तसे वागले, की दोघांनाही गप्प राहिले असते त्यापेक्षा मोठी शिक्षा होते. प्रत्येकाने स्वहित अचूक पाहिले आणि दोघांचेही नुकसान झाले.

दुष्काळी भागातील भूजलाची गोष्ट याच घडणीची आहे. शेजाऱ्याने खोल बोअर घेतली की आपली विहीर आटते, म्हणून आपणही घ्यायची. आणि सगळ्यांनी घेतली की पाणी आणखी खाली जाते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली यातून वाट काढली. शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या जादा पाणी पिणाऱ्या पिकांवर बंदी घालून, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून गाव पिके ठरवू लागले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातील अशी उदाहरणे तपासली आणि दाखवले, की लोक स्वतः नियम करून, परस्परांवर लक्ष ठेवून सामायिक साधने टिकवू शकतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वार्थवादी यावर म्हणेल, की नियम पाळण्यातच प्रत्येकाचे हित होते, म्हणून हा स्वार्थवादाचाच विजय आहे. यात तथ्य आहे. रॉबर्ट अॅक्सलरॉड यांनी घेतलेल्या संगणकस्पर्धांत कैद्यांचा खेळ पुन्हा पुन्हा खेळला गेला, तेव्हा अनातोल रॅपोपोर्ट यांचा साधासा कार्यक्रम दोन्ही वेळा पहिला आला. तो आधी सहकार्य करी आणि मग प्रतिस्पर्धी जसा वागेल तसा वागे. पुन्हा गाठ पडणार असेल तर सहकार्य फायद्याचे असते, हे यातून दिसले. पण पुन्हा गाठ पडणारच नसेल, चोरून उपसलेले पाणी कोणाला कळणारच नसेल, तर स्वार्थवादाजवळ नियम पाळायचे कारण उरत नाही. आणि ज्या गावात प्रत्येकजण अशा संधीची वाट पाहत असेल, त्या गावाचा नियम फार काळ टिकणार नाही.

स्वहिताची रास्त जागा

स्वार्थवाद पाया म्हणून टिकत नाही, याचा अर्थ स्वहित नीतीबाहेरचे ठरते असा नाही. प्रत्येक माणसाचे हित मोलाचे असेल, तर त्यात स्वतःचेही आलेच. स्वतःचे आरोग्य, स्वाभिमान, वेळ यांची सतत आहुती मागणारी नीती अन्यायकारक असते. घरच्यांनी ‘त्याग’ या गोड शब्दाखाली एकाच व्यक्तीला, बहुधा घरातल्या स्त्रीला, आयुष्यभर राबवून घेणे याचे उदाहरण सर्वांच्या पाहण्यातले आहे. अशा माणसाने स्वतःसाठी उभे राहणे हे नीतीला धरूनच आहे.

सार्वजनिक धोरण आखतानाही माणसाच्या स्वहिताकडे डोळेझाक करून चालत नाही, पण फक्त त्याच्यावर विसंबूनही चालत नाही. इस्राएलमधील हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात उशीर करणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वीइतके खाली आले नाहीत. आधी पालकांना ताटकळणाऱ्या शिक्षिकेची भीड वाटत होती. दंड आल्यावर उशीर ही विकत घेता येणारी सोय झाली. रक्ताच्या बाबतीत भारताने १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वेगळी वाट घेतली: १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. पैशाची गरज असलेला दाता आपला आजार लपवण्याचा धोका त्यामागे होता. रक्तपेढ्या आज विनामोबदला रक्त देणाऱ्यांवर चालतात, आणि अनोळखी रोग्यासाठी हात पुढे करणाऱ्या या लोकांना स्वार्थाच्या हिशेबात बसवायचे तर हिशेबच वाकवावा लागतो.

नैतिक स्वार्थवादाने एक काम चांगले केले: कर्तव्याच्या नावाखाली माणसाला चिरडणाऱ्या उपदेशाला त्याने जाब विचारला. नियम पाळणे बहुतेक वेळा फायद्याचेही असते, हेही त्याने बरोबर दाखवले. मात्र स्वहित आणि कर्तव्य यांची फारकत होते आणि पाहणारे कोणी नसते, त्या प्रसंगी या मताजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही. आणि नीतीची खरी गरज त्याच प्रसंगी असते. स्वहित हे नीतीने विचारात घ्यावयाच्या अनेक हितांपैकी एक आहे. त्याला त्याचा पूर्ण वाटा मिळावा, पण न्यायाधीशाची खुर्ची मिळू नये.